चिरंजीवांची होडी

मंडळी, एरवी या पानांत माझ्या नावाखाली वर्गणीची आठवण छापलेली असते. आज विषय वेगळा आहे.

आमच्या ११ वर्षांच्या चिरंजीवांना मासेमारीचे वेड लागले आहे. न्यू जर्सीत १६ वर्षांखालील मुलांना गोड्या पाण्यात गळ टाकायला परवाना लागत नाही, त्यामुळे दोन वर्षे स्प्रूस रन तलावाच्या काठावरच भागले. यंदा त्याने होडी मागितली.

रत्नागिरीला आईला फोन केला. ती म्हणाली, "इथले कोळी नारळी पौर्णिमेची वाट बघतात, आणि तुम्ही एप्रिलातच निघालात?" मी हसलो. पण तिचे म्हणणे इथेही लागू पडते. एप्रिलात ऊन चढते, पाणी मात्र थंडगारच असते. त्यात अचानक पडले की धाप लागते आणि पट्टीचा पोहणाराही पहिल्या मिनिटातच पाणी गिळून बुडू शकतो.

वापरलेल्या तीन होड्या पाहिल्या. पहिली १२ फुटी, सपाट तळाची जॉन बोट. हलकी आणि स्वस्त, पण वारा सुटला की लाटांवर आपटणारी. दुसरीच्या ॲल्युमिनियमवर पांढरे चट्टे होते. इथे माझे रसायनशास्त्र कामी आले. ऑक्साइडचा पातळ थर ॲल्युमिनियमचे रक्षण करतो, पण खाऱ्या पाण्यात पितळेचा स्क्रू सोबतीला असला की त्याच्या शेजारचे ॲल्युमिनियम झिजत जाते. तिसरी १४ फुटी, रुंद, व्ही आकाराच्या तळाची. तिच्यावरची पाटी शाबूत होती. २० फुटांखालच्या मोटरच्या होडीत किती माणसे, किती वजन, किती अश्वशक्ती चालेल हे कोस्ट गार्डच्या नियमानुसार त्या पाटीवर लिहिलेले असते. स्प्रूस रनवर १० अश्वशक्तीची मर्यादा आहेच. तिसरी घेतली.

मग लाइफ जॅकेट. १३ वर्षांखालील मुलांना ते घालणे सक्तीचे आहे.

"बाबा, तुझं कुठंय?"

"मोठ्यांनी अंगात घालायलाच हवं असं नाही."

"पण मला पोहता येतं. तुला कुठे येतं?"

डॉक्टरेट असूनही उत्तर सुचले नाही. पाटीवरचे आकडे मी दोनदा तपासले होते, पण होडीतल्या सर्वांत कच्च्या माणसाचा हिशेब राहूनच गेला होता.

दोन जॅकेटे घेतली. होडी जूनपर्यंत गॅरेजमध्येच राहील. तोवर दर शनिवारी मी चिमुकल्यांच्या शेजारच्या लेनमध्ये पाय मारतो आहे. कुणी होडी बघायला निघाले तर सोबत जरूर येईन. पोहायला येणार असाल, तर त्याहून आनंद!