पाठ टेकण्यापुरती जागा

कृषी खात्यात माझी तीस वर्षे गेली, पण आज पिकाविषयी किंवा खताविषयी लिहीत नाही. सायकलवर लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाने रात्री कुठे पडावे, या गोष्टीविषयी चार शब्द लिहितो. हा विषय आपला नव्हे असे तुम्हाला वाटेल. पण दिवस मावळताना तो माणूस ज्या दारात येऊन उभा राहतो ते दार पुष्कळदा तुमचेच असते.

हल्ली अशी मंडळी वाढली आहेत. भारी सायकल आणि डोक्यावर टोप पाहून माणूस पैसेवाला असेल असा समज होतो, तो दर वेळी खरा नसतो. तालुक्याच्या गावी साध्या लॉजची खोली पाचशे ते आठशे रुपयांना पडते. दहा-बारा दिवसांच्या प्रवासात हा आकडा धरला तर मी ज्या किमतीची सायकल चालवतो तेवढी रक्कम झोपण्यातच जाते. आणि लॉज असतात शहरात. सायकलवाल्याचा दिवस शहराशीच संपेल याचा नेम नाही. सामान लादलेल्या सायकलवर माझ्या वयाचा माणूस दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर जातो, आणि समोरून वारा असला तर पन्नास.

जानेवारी २०२३ मध्ये मी रजा काढून इंदापूरहून नांदेडला सायकलवर गेलो. बरोबर एक निवृत्त शिक्षक होते, त्यांना मी गुरुजीच म्हणतो. अकलूज, पंढरपूर, मंगळवेढा, सोलापूर, तुळजापूर, औसा, लातूर, अहमदपूर, लोहा असा रस्ता. सुमारे चारशे किलोमीटर. थंडीत वारा पूर्वेकडून आणि ईशान्येकडून येतो आणि आम्ही पूर्वेलाच चाललो होतो. घरातून निघताना हे ठाऊक होते, तरी मंगळवेढ्याच्या पुढे त्याची खरी किंमत कळली.

पहिला धडा घड्याळाचा. अकलूजपासून पंढरपूरपर्यंत उसाचा मुलूख. जानेवारीत तोड जोरात असते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि मागे दिवा नसलेल्या बैलगाड्या अंधार पडल्यावरही चालत असतात. म्हणून साडेचारनंतर पुढच्या गावाचा हिशेब करायचा नाही, जवळच्या गावी उतरायचे, असे आम्ही ठरवले. उजेडात आलेल्या माणसाकडे गाव वेगळ्या नजरेने पाहते. रात्री आठला दार वाजवणाऱ्याला घरातली कुत्री आधी भेटतात, आणि त्यात कुत्र्यांचा दोष नाही.

देवस्थानाच्या गावी सोय स्वस्त होते. पंढरपूरला मठ, धर्मशाळा, भक्तनिवास पुष्कळ आहेत. एकादशीच्या आसपास मात्र जाऊ नये. चैत्री, आषाढी, कार्तिकी, माघी या चार वाऱ्यांना तर मुळीच नाही. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळावी. कॅलेंडर पाहून निघाले की शंभर-दोनशे रुपयांत काम भागते. आधार कार्डाच्या दोन प्रती, पातळ चादर, मच्छरदाणी आणि सायकलीला मजबूत कुलूप एवढे जवळ ठेवावे. खोलीपेक्षा सायकल ठेवण्यावरून वाद जास्त होतात. आम्ही आधी सायकलीची जागा पाहायचो, मग स्वतःची.

पंढरपूरला असताना गुरुजींनी गाडगेबाबांची आठवण काढली. नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूर या गावी बाबांनी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः मात्र झाडाखाली झोपले. पंढरपुरातली चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा त्यांनी अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांसाठी बांधली, कारण इतरत्र त्यांना कोणी उभे करत नव्हते. पुढे १९४९ मध्ये ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. दुसऱ्या दिवशी मंगळवेढ्यात आम्ही थांबलो तेव्हा गुरुजी म्हणाले, "चोखोबा याच गावचे. गावकुसाचे काम करताना भिंत अंगावर पडून गेले." आजूबाजूच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी निसवत होती. माझे लक्ष कणसांकडे होते आणि गुरुजींचे वेशीकडे.

सोलापुरात एक युक्ती सापडली, ती सगळ्या सायकलवाल्यांना सांगण्यासारखी आहे. पौषात लग्ने नसतात. मंगल कार्यालये रिकामी असतात, आणि प्रत्येक कार्यालयात वधूपक्षाची आणि वरपक्षाची खोली असते, न्हाणीघर असते, गाद्यांचा ढीग असतो. रखवालदाराला विचारले, त्याने मालकाला फोन लावला, आणि आम्ही दोघे म्हातारे तीनशे रुपयांत वरपक्षाच्या खोलीत झोपलो. सायकली मांडवात उभ्या होत्या.

तुळजापूरचा बालाघाटाचा चढ चढून गेलो तेव्हा पाय गळाले होते. तिथे आमच्यापुढे एक एकटा तरुण सायकलवाला खोली मागत होता, त्याला नकार मिळाला. "एकट्याला खोली देत नाही" हा नियम बऱ्याच धर्मशाळांत आणि लॉजवरही असतो. एकटा माणूस खोलीत जाऊन जिवाचे बरेवाईट करील आणि पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, ही भीती त्यामागे असते. ती भीती अगदी खोटी नाही. पण दिवसभर घाम गाळून आलेल्या पोराला तो जीव द्यायला आलेला नाही हे पटवावे लागते, हा प्रसंग मोठा विचित्र. शेवटी आमच्याबरोबर तिसरा म्हणून त्याला घेतला.

सरकारी विश्रामगृहाचेही सांगतो. बांधकाम खात्याची आणि पाटबंधारे खात्याची विश्रामगृहे स्वच्छ असतात, झाडी छान असते, भाडे बेताचे. आधी संबंधित अभियंत्याची परवानगी काढावी लागते आणि खोली शिल्लक असेल तरच खाजगी माणसाला मिळते. मिळाली तरी ती तुमची असतेच असे नाही. एका तालुक्याच्या गावी, नाव घेत नाही, रात्री दहा वाजता आम्हाला उठवले. कोणी मोठे पाहुणे येणार होते. खानसाम्याने बिचाऱ्याने स्वयंपाकघराशेजारी सतरंजी टाकून दिली. मोठे पाहुणे काही आले नाहीत.

आता जे लिहितो ते लिहावे की नाही याचा विचार केला, आणि लिहायचे ठरवले.

लातूर जिल्ह्यातल्या एका गावी आम्ही पाचच्या सुमारास पोचलो. पारावर माणसे बसली होती. देवळाच्या सभामंडपात रात्रभर पडू द्याल का, असे मी विचारले. "पडा की, देऊळ काय आमचं एकट्याचं हाय का?" असे उत्तर आले. पाणी आले, चहा सांगितला गेला. मग नेहमीप्रमाणे गाव कोणते, आडनाव काय हे सुरू झाले. मी माझे सांगितले. गुरुजींनी त्यांचे सांगितले. विचारणाऱ्याचा चेहरा बदलला नाही, बोलणे बदलले. सभामंडपाची किल्ली पुजाऱ्याकडे होती, पुजारी परगावी होता, आणि शाळेचा वऱ्हांडा म्हणाल तर हेडमास्तरांची परवानगी लागत होती. मी बोलायला तोंड उघडले, पण गुरुजींनी सायकलीचा स्टँड आधीच वर केला होता. "चला, पुढे पंप आहे," एवढेच ते म्हणाले. चहा आला तेव्हा आम्ही रस्त्याला लागलो होतो.

पंपावरच्या पोराने काही न विचारता हवेच्या मशिनीमागची शेड दाखवली. दिवे रात्रभर जळत असतात, पाणी आणि संडास असतो, माणूस जागा असतो. अडल्या वेळी पंपासारखी जागा नाही. झोपताना गुरुजी म्हणाले, "नोकरीत सात गावी बदली झाली, सातही ठिकाणी खोली शोधली. मला ही किल्ली पाठ आहे." माझ्या नोकरीच्या सुरुवातीला मीही सायकलवरून गावोगाव फिरलो, मुक्काम केले, आणि एकदाही मला कुठे अडले नाही. शेतीसाहेब म्हणून दारे उघडत होती असे मी समजत आलो होतो. त्या रात्री त्या शेडमध्ये मी बराच वेळ जागा होतो.

नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात दोन दिवस राहिलो. गुरू गोविंदसिंगजी १७०८ मध्ये येथेच निवर्तले आणि आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवली. यात्री निवासाचे शुल्क माफक, लंगर सर्वांना खुला. डोके झाकावे, जोडे बाहेर ठेवावे, तंबाखू अंगावर बाळगू नये. गुरुजींची चंची दाराबाहेरच्या टपरीवाल्याकडे दोन दिवस गहाण पडली आणि त्यांचा स्वभाव थोडा चिडका झाला, पण पंगतीत बसल्यावर शेजारच्याने आधी रोटी पुढे केली, आणि नंतर कोणीही आडनाव विचारले नाही. दुपारी आम्ही भांडी घासायला उभे राहिलो. गुरुजींनी ताटांची चळत घासून काढली आणि "उद्याही येऊ" म्हणाले. होला मोहल्ला, दसरा, दिवाळी या दिवसांत येथे फार गर्दी असते, एवढे ध्यानात ठेवावे.

पुढच्या वर्षी, जानेवारी २०२४ मध्ये, माझी मुलगी म्हणाली, "मला न्या." ती चोवीस वर्षांची. रस्ता तोच धरला, पण प्रवास निराळा झाला. पंपाची शेड बाद झाली, सभामंडप बाद झाला, पारावर विचारणेही बाद. पारावर पुरुष बसतात, आणि मुलगी कुठे झोपणार हे त्यांना ठरवता येत नाही. आम्ही बाईमाणसाला विचारू लागलो. विहिरीवर, दळणाच्या गिरणीपाशी, शाळेतून पोराला न्यायला आलेली आई भेटली की तिला. अंघोळीची सोय, आडोसा, रात्री उठावे लागले तर दिवा, हे प्रश्न मला पहिल्या प्रवासात सुचलेच नव्हते. मुलगी ते पहिल्या पाच मिनिटांत विचारून घेई.

अहमदपूरच्या अलीकडे रस्त्यालगत एक वस्ती आहे. तिथल्या बाई हरभऱ्याची भाजी खुडत होत्या. त्यांनी मुलीला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि मला म्हणाल्या, "पोरगी माझ्यापाशी झोपंल, तुमी ओसरीवर पडा." रात्री ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. सकाळी धपाटे बांधून दिले. पैसे काढले तर, "पैसे कशाचे ओ?" म्हणून रागावल्या. शेवटी रीतीप्रमाणे नातवाच्या हातात दोनशे रुपये ठेवले.

त्यांचा मुलगा शिकलेला. कृषी पर्यटन सुरू करावे असे त्याच्या मनात होते. राज्य शासनाचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले आहे, रीतसर केंद्र काढायचे तर नोंदणी करावी लागते. पण केंद्र म्हणजे पोहण्याचा तलाव, झोपाळे, बैलगाडीची सफर आणि पाच लाखांचे कर्ज अशी त्याची समजूत होती. मी म्हटले, सायकलवाल्याला यातले काहीही नको. त्याला बादलीभर गरम पाणी हवे, दोन भाकऱ्या हव्यात, सायकलीला छप्पर हवे. तुमच्या सोयाबीनच्या पोत्यांची खोली अर्धी रिकामी करा.

मग ओसरीवर बसून हिशेब मांडला. पीठ, डाळ, तेल, दूध-साखर, सरपण, गोधडी धुण्याचा साबण; माणशी शंभर-सव्वाशेच्या आत बसले. तीनशे रुपये घ्या असा मी सल्ला दिला. बाई ऐकेनात. झोपायचे पैसे घेऊ, जेवणाचे घेणार नाही, हा त्यांचा हट्ट. पीक कोणते का असेना, खर्च भरून निघाला पाहिजे हे मी तीस वर्षे सांगत आलो, त्यामुळे मीही हटलो नाही. अर्धा तास वाद झाला. अखेर झोपायचे दोनशे आणि जेवणाचे "मनाला येईल ते डब्यात टाका" यावर मिटले. मला ते आजही पटलेले नाही. मुलाला मी दोन गोष्टी बजावल्या. येणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि फोन नंबर वहीत ठेवावा. आणि पाहुणा परदेशी असेल तर त्याला ठेवणाऱ्याने चोवीस तासांच्या आत ऑनलाइन नोंद करायची असते, ती चुकवू नये.

माझ्या मुलीला विचारले, तुला काय सुचवायचे आहे? ती म्हणाली, "खोलीला आतून कडी नाही. ती बसवा."

गेल्या दिवाळीत त्या मुलाचा फोन आला होता. हैदराबादकडून आलेले दोघे राहून गेले, त्यांच्यात एक बाई होती. डब्यात किती निघाले ते त्याने सांगितले नाही. कडी मात्र बसवली, म्हणाला. आईने न्हाणीच्या दारालाही बसवून घेतली.