मोत्याचे दात

कुत्र्याच्या इमानाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. धर्मराजाने त्याच्यासाठी स्वर्गाच्या दाराशी हट्ट धरला आणि खंडोबाच्या चरणांजवळ त्याला मानाची जागा मिळाली. परंतु त्याच्या दातांविषयी, विशेषतः कुरतडण्याच्या कामी ते जो पराक्रम गाजवतात त्याविषयी, कोणी मन लावून लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक ज्या घरात चार महिन्यांचे पिल्लू येते, त्या घराला त्याच्या इमानाचा प्रत्यय यथाकाल यायचा असतो. दातांचा प्रत्यय मात्र पहिल्याच आठवड्यात येतो.

माझ्या धाकट्या मुलीने रस्त्यावरून उचलून आणलेला आमचा मोत्या या नियमाला अपवाद नव्हता. पायपुसणे, उशीचे कोपरे, आरामखुर्चीचा पाय, मोबाईलच्या चार्जरची तार अशी चढत्या श्रेणीने त्याची प्रगती चालली होती. एकदा त्याने काव्यशास्त्रावरील एका जाडजूड ग्रंथाचा पुठ्ठा तेवढा खाल्ला आणि आतील मजकुराला स्पर्शही केला नाही. त्यावरून त्याच्या अभिरुचीविषयी घरात दोन पक्ष पडले. या बाबतीत मी जॉन स्टाइनबेकचे स्मरण करून समाधान मानीत असे. १९३६ साली त्याच्या टोबी नावाच्या पिल्लाने ‘ऑफ माइस अँड मेन’ या कादंबरीच्या हस्तलिखिताचा जवळजवळ अर्धा भाग एका रात्रीत फाडून टाकला. दोन महिन्यांचे काम गेले. पण पिल्लाने कदाचित टीकाकाराच्या भूमिकेतून हे केले असावे, असे म्हणण्याइतकी विनोदबुद्धी त्या लेखकापाशी शिल्लक होती. पुस्तक पुढल्या वर्षी प्रसिद्ध झाले.

परंतु विनोदबुद्धीलाही मर्यादा असते. माझ्या वडिलांच्या कोल्हापुरी वहाणा त्यांच्या पश्चात आईने नऊ वर्षे दाराशी तशाच ठेवल्या होत्या. रोज सकाळी ती त्या पुसून पुन्हा जागेवर ठेवी. एके दुपारी त्यांतील डाव्या वहाणेचा अंगठा आणि निम्मा तळ मोत्याच्या पोटात गेला. त्या दिवशी घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. “आता हे पुरे झाले, त्याला पाठवून द्या,” असे सौभाग्यवतींनी सांगितले. एका स्नेह्यांच्या शेतावर त्याची रवानगी करण्याचे जवळजवळ ठरले आणि मुलगी जेवणाच्या पानावरून उठून गेली. आईने उरलेली वहाण जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून आपल्या ट्रंकेत ठेवली. मग ती बाहेर येऊन म्हणाली, “अरे, दात आहेत त्याला. ते कुठे तरी लागणारच. त्याला काय द्यायचं ते बघा.”

या एका वाक्यात सारे श्वानशास्त्र आले आहे, हे मला पुढे वाचनावरून कळले. पिल्लाला दुधाचे अठ्ठावीस दात असतात. सुमारे चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत कायमचे बेचाळीस दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि काही तरी चावल्यावाचून त्या जिवाला चैन पडत नाही. वयात आलेला कुत्रा वस्तू फोडू लागला, तर बहुधा कंटाळा, एकटेपणा किंवा पुरेसे न फिरणे ही कारणे असतात. द्वेषाने किंवा सूड म्हणून तो काही करीत नाही.

“पण त्याला अपराध कळतो, पाहा कसा मान खाली घालतो!” असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन विदुषीने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या समजुतीची परीक्षा घेतली. कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला होता की नव्हता, याचा त्या ओशाळ्या मुद्रेशी संबंध आढळला नाही. धनी रागावला की ती मुद्रा उमटे. दुपारी फाडलेल्या उशीबद्दल संध्याकाळी मार दिला, तर कुत्रा एवढेच शिकतो, की धनी घरी येणे ही भयंकर गोष्ट आहे.

मग आम्ही आईच्या शब्दांप्रमाणे देण्यास आरंभ केला. सुती दोरीच्या जाड गाठी, आत भाकरीचा चुरा भरलेले पोकळ रबरी खेळणे, बर्फासारखे गार केलेले ओले फडके. शिजवलेली हाडे तेवढी वर्ज्य, कारण ती फुटून त्यांचे कपरे आतड्यात रुततात. चपला कपाटात गेल्या, तारा वर बांधल्या गेल्या आणि सकाळ-संध्याकाळ फिरणे नेमाचे झाले. त्याच्या तोंडात भलती वस्तू दिसली, की कोणी त्याच्यामागे धावायचे नाही, कारण पाठलाग हा त्याला खेळच वाटतो. शांतपणे “सोड” म्हणायचे, बदल्यात खाऊचा तुकडा द्यायचा आणि दोरी पुढे करायची. त्याने दोरी धरली, की तोंडभर कौतुक. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा मी लहानपणी भक्तीची म्हणून ऐकली होती. आता तिच्यात मला शिक्षणाचेही मर्म दिसते. हिसकावून घेण्यासाठी कुत्र्यामागे धावणारे पुष्कळ असतात. द्यायला धावलेले ते एकटेच.

आमच्या महाविद्यालयाच्या भिंतीवर ‘येथे बसू नये’, ‘येथे उभे राहू नये’, ‘येथे गोंगाट करू नये’ अशा पाट्या आहेत. विद्यार्थ्यांनी कोठे बसावे हे सांगणारी पाटी मला इतक्या वर्षांत आढळलेली नाही. अठरा वर्षांच्या अंगातला जोरही दातांसारखाच असतो. तो कुठे तरी लागणारच.

मोत्या आता दोन वर्षांचा आहे. पाहुणा आला, की तो आपली दोरीची गाठ आणून त्याच्या पायाशी ठेवतो. ती गाठ झिजली, की आईच जुन्या लुगड्याचे काठ वळून त्याला नवी करून देते.