तू, तुम्ही, आपण

विज्ञानशाखेचे विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टीत आता घरी जातातच असे नाही. बेंगळुरू, नवी दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमींनी मिळून चालविलेली उन्हाळी संशोधन-शिष्यवृत्ती घेऊन, अथवा स्वतःच प्राध्यापकांना पत्रे धाडून, ते दोन महिन्यांसाठी एखाद्या प्रयोगशाळेत दाखल होतात. त्यांतील काही जण मेंदूचे चित्रण करणाऱ्या प्रयोगशाळांत जातात आणि त्यांतूनही मोजके मानसिक आघाताच्या अभ्यासाकडे वळतात. साहित्याच्या अभ्यासकास हे क्षेत्र परके वाटणे स्वाभाविक आहे. तथापि त्याच्या मुळाशी एक अस्सल वाङ्मयीन कृती आहे, आणि ती बहुधा कोणाच्या ध्यानात येत नाही.

आघातोत्तर तणावविकार हे नाव अमेरिकी मनोविकारशास्त्राच्या निदानग्रंथात १९८० साली दाखल झाले. पुढे १९९० मध्ये सेइजी ओगावा आणि त्यांचे सहकारी यांनी रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणावरून मेंदूतील हालचालींचा माग काढता येतो हे दाखविले, आणि कार्यात्मक चुंबकीय चित्रणाचा मार्ग खुला झाला. हे यंत्र विचार टिपत नाही, भावनाही टिपत नाही. ज्या भागातील पेशी अधिक काम करतात तिकडे रक्ताचा ओघ वाढतो, आणि तोही काही सेकंद उशिराने. यंत्र टिपते ते एवढेच. चित्रातील एकेका लहानशा ठोकळ्यात लक्षावधी पेशी सामावलेल्या असतात. म्हणून जे पाहावयाचे ते यंत्रात शिरलेल्या माणसाच्या मनात नेमक्या क्षणी जागे करावे लागते. त्यासाठी प्रयोगशाळा जे साधन वापरते ते दुसरे तिसरे काही नसून एक गोष्ट असते.

या गोष्टीचे नियम ठरलेले आहेत. आघात भोगलेल्या माणसाकडून त्याची हकीकत ऐकावयाची. छाती धडधडली की हातपाय गार पडले, याची नोंद घ्यावयाची. आणि मग त्या साऱ्याचे सुमारे ३० सेकंदांचे निवेदन रचावयाचे. हे निवेदन द्वितीय पुरुषात आणि वर्तमानकाळात असते. ‘मी गेलो’ याचे तेथे ‘तू जात आहेस’ होते. ते ध्वनिमुद्रित करून त्याच माणसाला यंत्रात ऐकविले जाते. ज्याची गोष्ट त्यालाच ती परत मिळते, परंतु काळ बदललेला असतो, पुरुष बदललेला असतो आणि आवाजही परका असतो. अमेरिकेत या पद्धतीने झालेल्या १९९६ च्या एका सुप्रसिद्ध अभ्यासात आघाताची आठवण जागी होताच डाव्या मेंदूतील वाणीशी निगडित भाग मंदावलेला दिसला. दुःखाने वाचा बसते, याचा तो जणू पुरावाच, असे पुष्कळांनी मानले. त्या अभ्यासात रुग्ण होते अवघे आठ.

दक्षिणेतील एका शहरात अशाच उन्हाळी कामासाठी गेलेल्या लातूरकडील एका विद्यार्थिनीची हकीकत येथे विचारात घेण्याजोगी आहे. अपघातातून वाचलेल्या माणसांवर तेथे संशोधन चालू होते. सीमाभागातून आलेली पन्नाशीची एक मराठी बाई त्यात सहभागी झाली होती. मुलाच्या दुचाकीवर ती मागे बसली होती; अपघातात मुलगा गेला, ती राहिली. तिची हकीकत मार्गदर्शकांच्या उपस्थितीत ऐकून घेणे आणि इंग्रजी नमुन्याबरहुकूम मराठी निवेदन तयार करणे, हे काम मुलीकडे आले. बाई चाळीस मिनिटे बोलली.

मुलीने पहिला मसुदा ‘तू’ घालून लिहिला आणि ती थबकली. या बाईला ‘तू’ म्हणणारे कोण? तिची आई, थोरली जाऊ, फार तर देव. वीस वर्षांच्या मुलीच्या तोंडी ते शोभणारे नव्हते. ‘तुम्ही’ घातले तर वाक्ये पंचनाम्यासारखी होऊ लागली. ‘तुम्ही मागे बसलेल्या आहात. समोरून ट्रक येत आहे.’ इंग्रजी सर्वनामाला वय नाही, मान नाही, स्त्रीपुरुषभेद नाही. मराठी वाक्याला तिन्ही आहेत.

बाईने स्वतः यांपैकी काहीच वापरले नव्हते. वहीत उतरलेले तिचे शब्द असे होते : ‘आपण मागं बसलेलो, आपल्याला पुढचं काय दिसतंय?’ मुलीला ही ढब ओळखीची होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला तेव्हा तिची आजी तेथल्याच एका गावात माळवदाच्या घरात निजली होती. त्या रात्रीविषयी आजी कधी ‘मी’ म्हणून बोलली नाही. ‘आपण गणपती बोळवून आलेलो, दमून झोपलेलो, आपल्याला काय ठाऊक?’ अशीच तिची सुरुवात असे; आणि पुढे ‘उठून बघते तर भिंतच नाही’ असा काळही आपसूक वर्तमान होई. जी वर्तमानता प्रयोगशाळा नियमाने आणते, ती आजीच्या बोलीत मुळातच होती. फरक सर्वनामाचा होता. ‘आपण’ म्हणताच ऐकणारा माणूस त्या माळवदाखाली ओढला जातो. ‘तू’ वा ‘तुम्ही’ म्हणताच सांगणारा बाहेर उभा राहतो आणि भोगणारे माणूस आत एकटे उरते.

मुलीने हे मार्गदर्शकांपुढे मांडले. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि ‘तुम्ही’ कायम ठेवले. सर्वांची निवेदने एका साच्याची नसली तर एका मेंदूची दुसऱ्याशी तुलना करता येणार नाही, हे त्यांचे म्हणणे चूक नव्हते. शिवाय औपचारिक मराठीत ‘आपण’ आदरार्थी द्वितीय पुरुषही होते, ही अडचण निराळीच.

चित्रणाच्या दिवशी बाईचे मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या काढून ठेवण्यात आल्या. पृथ्वीच्या चुंबकत्वाहून हजारो पटींनी प्रबळ क्षेत्रात अशा वस्तू नेता येत नाहीत. डोके मुळीच हलवू नका, असे तिला वारंवार सांगण्यात आले. निवेदन सुरू झाले आणि थोड्याच वेळात तिला हुंदका आला. डोके हलले. काही मिलिमीटरांपलीकडे डोके हलले की चित्र पुसट होते आणि ती नोंद गाळावी लागते. नियमाप्रमाणे तिची नोंद गाळली गेली. दुःखाचे चित्र घेणाऱ्या यंत्राला स्थिर दुःखच लागते. जे दुःख हालते ते गणनेत येत नाही.

येथे विज्ञानाला दोष देण्याचे प्रयोजन नाही. गाळण्याचे काम साहित्यही करीतच आले आहे. प्रश्न आहे तो चित्रामागच्या वाक्याचा. संशोधनपत्रिकांत यंत्राची शक्ती छापली जाते, ठोकळ्यांचे आकारमान छापले जाते. निवेदन कोणत्या सर्वनामात होते हे भारतीय भाषांपुरते तरी छापले जावयास हवे. तमिळमधील ‘नाम्’ आणि ‘नांगळ्’, तेलुगूतील ‘मनमु’ आणि ‘मेमु’, गुजरातीतील ‘आपणे’ आणि ‘अमे’ या जोड्या ऐकणाऱ्याला आत घेतात अथवा बाहेर ठेवतात. हिंदीच्या ‘हम’मध्ये हा भेद नाही. दुःख सांगताना माणूस यांतील काय निवडतो, आणि त्याचेच दुःख त्याला ऐकविताना दुसरा काय निवडतो, हे भाषांच्या अभ्यासकाने सांगावयाचे आहे. त्याला प्रयोगशाळेत बोलावणे येवो न येवो, हे ज्ञान त्याच्याच पदरी आहे.

मुलीने अहवालाच्या शेवटी सर्वनामांवर एक परिच्छेद लिहिला. तो ठेवावा की वगळावा याविषयी थोडी चर्चा झाली आणि तो राहिला. चाळीस मिनिटांची ती वही मात्र, रुग्णाच्या गोपनीयतेच्या नियमानुसार, तिने प्रयोगशाळेच्या कपाटात जमा केली. गाळलेल्या हुंदक्याची दुसरी नोंद कोठेही नाही.