अर्धा फेरा

वडिलांची मोटार विकायचे ठरले तेव्हा तिच्यावर आता एक पैही खर्च करायची नाही, असा माझा निश्चय होता. पण गिऱ्हाईक वस्ताद निघाले. "आधी चालू करून दाखवा, मग भावाचं बोलू," म्हणाले.

मोटार म्हणजे 1978 सालची प्रीमियर पद्मिनी. आराखडा इटलीतल्या फियाटचा, कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेली, कारखाना कुर्ल्याचा आणि नाव मात्र चितोडच्या राणीचे! त्या कारखान्यातून पद्मिनी निघेनाशा होऊनही आता वीस वर्षांवर काळ लोटला. आमची, वडील गेल्यापासून, सदाशिव पेठेतल्या बोळात ताडपत्रीखाली उभी होती.

दर दसऱ्याच्या आदल्या दिवशी वडील तिचा डिस्ट्रिब्यूटर स्वतः साफ करीत. मला त्यांनी कधी हात लावू दिला नाही; आणि खरे सांगायचे तर मीही कधी लावू का म्हणून विचारले नाही. आम्हा दोघांचे बोलणे हवापाण्यापलीकडे सहसा जात नसे. तेव्हा पाना हाती घेतला तो केवळ लांबून पाहिल्याच्या भांडवलावर.

काळ्या झाकणाखाली दोन इवलेसे पॉइंट असतात. ते जुळले की कॉइलमधून प्रवाह वाहतो, विलग झाले की तुटतो. आणि त्या तुटण्याच्या क्षणीच बॅटरीच्या बारा व्होल्टांचे हजारो व्होल्ट होतात. ठिणगी जुळण्यातून पडत नाही, तुटण्यातून पडते, याची मला मोठी मौज वाटली. मग वरचा रोटर ती एक, तीन, चार, दोन अशा क्रमाने प्लगांना वाटीत फिरतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर सेकंदाला शंभर ठिणग्या! आणि पॉइंटांमधली फट? अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर.

आमचे पॉइंट जळून काळे ठिक्कर पडले होते. नाना पेठेतून नवे आणले, कंडेन्सर बदलला, आसाला तेलाचे दोन थेंब सोडले. मधल्या वेळात, फिरते का पाहू म्हणून, सहज इंजिनाला हँडलही मारून घेतले. सगळे बसवले, स्टार्टर दाबला, तो कार्बुरेटरमधून असा बार निघाला की समोरच्या काकू गॅलरीत येऊन म्हणाल्या, "अहो, दिवाळीला अवकाश आहे अजून!"

पुन्हा नाना पेठ. तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी दोनच प्रश्न विचारले.

"काढताना खूण केली होती?"

"नाही."

"आणि नंतर हँडल फिरवलं?"

"थोडंसं."

"एक नंबरचा प्लग काढा, भोकावर अंगठा ठेवा, मग फिरवा. पिस्टन दोनदा वर येतो, साहेब. एकदा ठिणगीसाठी, एकदा धूर बाहेर टाकायला. तुम्ही धुराच्या वेळी ठिणगी देताय."

घरी येऊन तसे केले. शेजारच्या मुलाने हँडल फिरवले. एका खेपेला अंगठ्याखाली काहीच जाणवले नाही. पुढच्या खेपेला हवेने अंगठा उडवला. रोटर नेमका त्याच्या उलट तोंड करून बसला होता. डिस्ट्रिब्यूटर उपसून आस अर्धा फेरा फिरवला आणि परत बसवला.

आता उरले टायमिंग, म्हणजे सबंध डबी केसभर इकडेतिकडे फिरवून ठिणगीची वेळ साधणे. त्यासाठी बुडाशी साचलेले ग्रीस रॉकेलच्या बोळ्याने पुसले, तो खाली छिनीची एक बारीक रेघ. इंजिनावर एक, तिच्यासमोर डिस्ट्रिब्यूटरच्या अंगावर दुसरी. रेघा सरळ होत्या, पट्टी धरून मारल्यासारख्या. वहीत समासही ते तसेच आखीत. मी रेघेला रेघ मिळवली आणि बोल्ट आवळला.

पहिल्याच दमात इंजिन लागले.

वळून पाहिले तर आई जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी. मोटार विकण्याबद्दल ती चार महिन्यांत अवाक्षर बोलली नव्हती. थोडा वेळ आवाज ऐकून ती म्हणाली, "चोक आत ढकल आता. हे लगेच ढकलायचे."

मी चोक ढकलला. गिऱ्हाइकाला त्या संध्याकाळी फोन करायचा होता, तो दुसऱ्या दिवसावर टाकला.