पुलाखालचे पाणी

पुलावरून जाणाऱ्यास खाडी दिसते. पुलाचे पाय दिसत नाहीत. ठाणे-डोंबिवली हा लोकलचा प्रवास वर्षानुवर्षे करणाऱ्या आम्हां दोघा मराठीच्या प्राध्यापकांनी पूल खालून पाहण्याचे ठरविले आहे, तेही कयाकमधून, हाती गळ घेऊन. १८५४ साली रेल्वे ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणला पोचली. मोठागाव-माणकोली पूल वाहतुकीस खुला झाला तो २०२४ मध्ये. आमची पहिली फेरी या नव्या पुलाखाली, उल्हासच्या पाण्यात.

तयारीचा आरंभ पंचांगापासून झाला. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची अदमासे वेळ निघते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण; अष्टमीला भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी. म्हणून आम्ही अष्टमी निवडली. आठाची पाऊणपट सहा. आत खाडीत भरती पोचायला अवकाश लागतो, तेवढाच आम्हांस उजेड लाभेल.

खांबापाशी मासा का थांबतो, याचे उत्तर सोपे आहे. खांबाला आपटून प्रवाह दुभंगतो आणि मागे संथ पाण्याचा आडोसा तयार होतो. जिताडा तिथे दबा धरतो आणि वाहत येणारी कोलंबी, बोय टिपतो. धोकाही तिथेच. खांबाच्या प्रवाहाकडील बाजूस गेलेली होडी पाण्याच्या रेट्याने खांबावर दाबली जाते व उलटते. सबब खांबाकडे नेहमी आडोशाच्या बाजूने, प्रवाहाला तोंड देत जायचे आणि होडी खांबाला बांधायची नाही. जीवरक्षक जॅकेट, शिट्टी आणि अडकलेला दोर कापायला चाकू, हे तिन्ही अंगावरच हवे.

आमच्यात मतभेद उरला तो एकच: मासा लागला तर काय करायचे? जिताडा आधी नर असतो, मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे छायाचित्रात मिरवावा असा धिप्पाड मासा बहुधा अंडी घालणारी मादी! ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये म्हणूनच साधारणपणे ५८ सेंटिमीटरहून लहान व १२० सेंटिमीटरहून मोठा जिताडा परत सोडावा लागतो. शिवाय आमच्याच शहरांचे सांडपाणी ज्या नदीत जाते, तिच्यातला मासा ताटात घ्यावा काय?

या पाण्यावर आगरी-कोळ्यांची घरे चालत आली. आमचा तो केवळ छंद. हा भेद ध्यानात आल्यावर वाद मिटला. लागलेला प्रत्येक मासा सोडायचा. गळाचे काटे त्याच संध्याकाळी पकडीने चेपून बोथट केले. तयारीतले हे शेवटचे काम.