फिल्टर भारी की साधा?

तुमच्या घरी जुनी मोटार, जीप नाहीतर ट्रॅक्टर असेल, तर हा वाद तुमच्याही ओटीवर कधी ना कधी झाला असेल. सर्व्हिसिंगची वेळ येते, फिटर दोन डबे पुढे ठेवतो, एक शंभर-दीडशे रुपयांचा आणि दुसरा त्याच्या चौपट किमतीचा, आणि विचारतो, "कुठला टाकू?" घरातला तरुण म्हणतो भारी, म्हातारा म्हणतो साधा, आणि ज्या बाईच्या डब्यातून पैसे जायचे तिला कोणी विचारत नाही. आमच्या घरी ती बाई मी. हिशेबाची वही माझ्याकडे आहे, म्हणून या प्रश्नाचा मी जरा खोलात जाऊन पिच्छा पुरवला. जे कळले ते तुम्हाला सांगते.

आधी आमची परिस्थिती सांगते, कारण फिल्टरचा विचार गाव सोडून करता येत नाही. आमचे बेटेगाव बोईसर-चिल्हार रस्त्यावर. एकीकडे तारापूरची औद्योगिक वसाहत, दुसरीकडे चिल्हार फाट्याला मुंबई-अहमदाबाद महामार्ग, आणि या दोहोंच्या मधला सारा माल आमच्या दारावरून जातो. त्यात अलीकडच्या वर्षांत बुलेट ट्रेनचे काम आले. म्हणजे चार महिने चिखल आणि आठ महिने धूळ. सकाळी पुसलेल्या ओटीवर दुपारी बोटाने नाव लिहिता येते. कापणी-झोडणीच्या दिवसांत खळ्यावरचे तूस आणि भुसा त्यात मिसळतो तो वेगळाच.

गाडी आमची १९९७ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली. सासऱ्यांनी घेतलेली. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्याच्या कितीतरी आधीची, म्हणून नंबर अजून ठाण्याचाच. हिच्यातून भेंडी आणि वाल बोईसरच्या बाजारात जातात, पेंडीच्या गोण्या येतात, आणि रात्री-बेरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचे तर हीच. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे. मागल्या पावसाळ्यात दोनदा तरी मध्यरात्री हिला बाहेर काढावे लागले. दोन्ही वेळा पहिल्या किल्लीला सुरू झाली. तेव्हा आमच्या घरी हिचे इंजिन टिकणे ही हौसेची गोष्ट नाही. इंजिन खोलून बोअर करणे, पिस्टन-रिंगा बदलणे असा खर्च निघाला तर त्या वर्षीचे खत आणि आवणीची मजुरी त्यात गेली म्हणून समजा.

आता फिल्टर करतो काय? तुम्ही म्हणाल, हे काय सांगायचे, कचरा अडवतो. खरे आहे, पण किती हवा आणि कसला कचरा हे ऐकलेत तर तुम्हीही माझ्यासारखे थांबाल. एक लिटर इंधन जळायला इंजिनला साधारण दहा हजार लिटर हवा ओढावी लागते. डिझेल इंजिन तर त्याहूनही जास्त ओढते. आमच्या रस्त्यावरची दहा हजार लिटर हवा! तिच्यातली धूळ नुसती माती नसते. तिच्यात वाळूचे, गारगोटीचे बारीक कण असतात आणि ते सिलिंडरच्या लोखंडाहून कठीण असतात. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरतात, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इंजिनाला घासून खाणारे कण १०-२० मायक्रॉनचे, म्हणजे डोळ्याला न दिसणारे. ते पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्या फटीत बसतात आणि पॉलिश पेपरसारखे काम करतात. आत शिरलेली धूळ पुढे तेलात उतरते, तिथे तिला ऑइल फिल्टरने धरायचे. म्हणजे एअर फिल्टर दाराशी उभा असलेला राखणदार आणि ऑइल फिल्टर घरात शिरलेल्याला पकडणारा. दार उघडे टाकून आतल्यावर भार टाकण्यात काय शहाणपण?

भारी फिल्टरवाले सांगतात ते सगळेच खोटे नाही, हेही सांगायला हवे. १९८८ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या तंत्रज्ञांनी एक कसोटी घेतली होती. ४० मायक्रॉनपर्यंतचे कण अडवणाऱ्या ऑइल फिल्टरऐवजी ३० मायक्रॉनचा लावला तर इंजिनाची झीज निम्म्यावर आली, आणि १५ मायक्रॉनचा लावला तर ७० टक्क्यांनी घटली. आमच्या थोरल्याने हे मला वाचून दाखवले आणि वर म्हणाला, "बघ आई, मी काय सांगत होतो!" पण त्या कसोटीत तेलात मुद्दाम धूळ घालून इंजिन चालवले होते. तेलात धूळच कमी गेली तर फरकही तेवढाच कमी पडणार. शिवाय गाडीच्या कंपनीने ठरवून दिलेला साधा, पण खरा फिल्टर म्हणजे काही गाळणी नव्हे. त्याचाही कागद राळ लावून मुद्दाम बनवलेला असतो आणि झीज करणारे बहुतेक कण तो धरतो.

आणखी एक गोष्ट बोईसरच्या एका जुन्या फिटरने मला डबा कापून दाखवली. ऑइल फिल्टरच्या आत एक स्प्रिंगची झडप असते. कागद कचऱ्याने भरला, किंवा थंडीत तेल घट्ट असले, की ती झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाते. कारण घाणेरडे तेल मिळाले तर इंजिन झिजते, पण तेलच मिळाले नाही तर जागच्या जागी जाम होते. याचा अर्थ काय झाला? भारी फिल्टर घेतला म्हणून तो दोन-अडीच वर्षे तसाच ठेवला, तर शेवटी तो असून नसल्यासारखाच. भारी फिल्टरचा खरा गुण असा की तो जास्त कचरा पोटात ठेवतो, म्हणून लांब पल्ल्याच्या, रोज शेकडो किलोमीटर धावणाऱ्या गाडीला तो परवडतो. आमची मारुती वर्षाला जेमतेम चार-पाच हजार किलोमीटर जाते, तीही बाजार आणि घर, घर आणि बाजार. इंजिन नीट तापायच्या आत बंद होते आणि दमटपणा तेलात उतरतो. अशा गाडीचे तेल वर्षाला बदलावेच लागते, मग ती कितीही थोडी चालो. तेलाबरोबर फिल्टर गेलाच. जो वर्षाने फेकायचा, त्याला चौपट पैसे कशाला?

आता एअर फिल्टर. यात माझे मत जास्त कडक आहे, कारण इथे लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. काही जण तो काळाठिक्कर होईपर्यंत बघत नाहीत. काही जण दर पंधरवड्याला काढून जमिनीवर आपटतात, वर हवा मारतात. तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण थोडी धूळ बसलेला कागदी फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा बारीक धूळ चांगली अडवतो, कारण बसलेली धूळच पुढच्या धुळीला आडवी येते. आपटल्याने कागदाच्या घड्या आणि कडेचा रबर सुटतो, आणि जवळून जोराने हवा मारली तर कागदाला न दिसणारी भोके पडतात. मग तो फिल्टर स्वच्छ दिसतो आणि कामातून गेलेला असतो.

पेट्रोल वाचते का, हा आमच्या ह्यांचा नेहमीचा प्रश्न. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये हे तपासले. नव्या, संगणकावर चालणाऱ्या गाड्यांत फिल्टर तुंबल्याने इंधनाच्या खर्चात फरक दिसला नाही, फक्त पिकअप मार खातो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मात्र फार तुंबलेला फिल्टर बदलल्यावर दोन ते सहा टक्के बचत झाली. तेव्हा आमच्यासारख्या जुन्या गाडीवाल्याला वेळेवर फिल्टर बदलण्याचा थोडा फायदा आहे, पण तो साध्या फिल्टरनेही तेवढाच मिळतो.

थोरल्याच्या मनात आणखी एक फिल्टर होता, तेल लावलेल्या सुती जाळीचा, धुऊन पुन्हा वापरायचा, किंमत हजारांत. "एकदाच घ्यायचा आई, जन्मभर बघायला नको." मी म्हटले, बाबा रे, तो शर्यतीच्या गाडीसाठी. त्यातून हवा मोकळी जाते, आणि जिथून हवा मोकळी जाते तिथून बारीक धूळही कागदापेक्षा जास्त जाते. आपल्याला चिल्हार रस्त्यावर कोणाशी शर्यत लावायची आहे?

खरी गोम निराळीच निघाली. त्या जुन्या फिटरने फिल्टरकडे बघितलेसुद्धा नाही. त्याने फिल्टरपासून कार्बोरेटरपर्यंतच्या वाटेत, झाकणाखाली आतल्या बाजूने पांढरे फडके फिरवले आणि मला दाखवले. फडक्यावर खरखरीत धूळ. फिल्टर चांगला असूनही धूळ त्याच्या पलीकडे पोचली होती, कारण झाकणाखालची रबरी कडी सुकून तडकली होती. जुन्या गाडीत रबर वाळते, क्लिपा सैल होतात, आणि हवा तर आळशी, तिला जिथून सोपे तिथून ती शिरते. हजारांचा फिल्टर लावला असता तरी त्या फटीतून धूळ गेलीच असती. कडी, नळी आणि दोन क्लिपा मिळून भारी फिल्टरच्या निम्मे पैसेही झाले नाहीत. तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर हे फडके आजच फिरवून बघा.

आणि उंदीर! पावसाळ्यात गाडी गोठ्याशेजारी उभी राहते. एकदा झाकण काढले तर फिल्टरच्या गोल खोबणीत मूठभर भात आणि कुरतडलेल्या कागदाचे घरटे. शहरातल्या पुस्तकात हे लिहिलेले नसते, पण आपल्याकडे पाऊस संपला की झाकण उघडून बघावेच. दसऱ्याला गाडीला हार घालतो तेव्हाच तेल बदलायची आमच्याकडे चाल आहे, ती मी ठेवली. एअर फिल्टर मात्र आम्ही होळीच्या सुमारास बघतो, कारण खरी धूळ दसऱ्यानंतरच सुरू होते.

साधा घ्या म्हणते, पण बनावट घेऊ नका. एका दुकानातून, त्याचे नाव मी लिहीत नाही, आणलेला फिल्टर आम्ही नंतर कापून बघितला. वरचा छाप हुबेहूब, आत कागदाच्या घड्या मोजक्या आणि एका बाजूचा डिंक सुटलेला. हातात घेतल्यावर तो हलका लागतो. खऱ्या फिल्टरशेजारी ठेवून वजन बघा आणि पक्के बिल मागा. बिल द्यायला जो कुरकुर करतो त्याच्याकडून घेऊ नका.

ट्रॅक्टरवाल्यांना दोन शब्द. जुन्या ट्रॅक्टरांना आणि जीपगाड्यांना तेलाच्या भांड्याचा एअर क्लीनर असतो. त्याला विकत काही घ्यायचे नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही. हवा तेलावर आपटते, धूळ तेलात राहते आणि उरलेली वरच्या जाळीत अडकते. मळणीच्या दिवसांत भांडे रोज उघडावे, तळाशी गाळ बसला असेल तर तेल बदलावे, जाळी डिझेलमध्ये धुऊन निथळू द्यावी. तेल खुणेपर्यंतच भरावे. जास्त भरले तर इंजिन ते ओढून घेते, आणि डिझेल इंजिन त्याच तेलावर बेफाम पळायला लागले तर आवरणे कठीण. दिवसभर मळणीयंत्राला जोडलेल्या नव्या ट्रॅक्टरला कागदी फिल्टर असेल तर तिथे मात्र चांगल्यातला घ्या, मी अडवणार नाही. धुळीच्या ढगात आठ-दहा तास उभे राहणारे यंत्र आणि बाजाराला जाणारी मारुती यांना एकच माप लावता येत नाही.

तर यंदा वहीत असे पडले: ऑइल फिल्टर कंपनीचा साधा, एअर फिल्टर साधा, तेल सुमारे तीन लिटर, कडी, नळी, क्लिपा. थोरल्याने फिल्टरच्या डब्यावर पांढऱ्या रंगाने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवले, हे मात्र त्याचे शहाणपण. धुराची तपासणी दर सहा महिन्यांनी होते, तिच्यात गाडी पास आहे. पहिली १५ वर्षे २०१२ ला संपली, मग २०१७ ला आणि २०२२ ला नोंदणी नवी केली. पुढची २०२७ ला. तोपर्यंत सासूबाईंच्या वाफेच्या यंत्राशेजारी गाडीची किल्ली खिळ्याला टांगलेली असते.