टँगऱ्याचं कव्हर, नागपूरचं सारण

चायनीज म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? कोपऱ्यावरची लाल गाडी, तिच्यावर ड्रॅगनचं चित्र, भडकलेल्या ज्वाळेवर कढई आपटणारा आचारी आणि प्लेटमध्ये लालभडक मंचुरियन. बरोबर ना? महिन्यातले दोन-तीन शुक्रवार तरी आपण ऑफिसमधून सुटून तिथे उभे असतो. पण मंडळी, हे चायनीज थेट चीनमधून आलेलं नाही. ते आलंय कोलकात्याहून! मंचुरियनचंच बघा. त्याचे जनक मानले जाणारे नेल्सन वाँग जन्माने कोलकात्याचे. सत्तरच्या दशकात ते मुंबईत आले. १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची नेहमीसारखी परतली, चिकन टाकलं आणि गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर वापरलं. झालं मंचुरियन!

तर या चायनीजचं माहेर बघायची संधी मला ऑफिसनेच दिली. सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये सहा महिन्यांचं प्रोजेक्ट होतं. पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेस पकडली. ही गाडी माझ्या नागपूरवरूनच पुढे जाते. गाडी थांबली तेवढ्या वेळात आईने खिडकीतून डबा आत सरकवला. डब्यात पुडाची वडी. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, म्हणून हिला सांबारवडीही म्हणतात. भरपूर कोथिंबीर, सुकं खोबरं, खसखस, तीळ, चारोळी असं सारण. बेसन आणि मैद्याचं पातळ कव्हर. त्याला आतून चिंचेचा कोळ आणि मसाल्याचं बोट. आणि मग पुडी बांधून तळायची. सोबत कढी. बस, दुसरं काही नको.

हावड्याला पोचेपर्यंत वड्या मऊ पडल्या होत्या, पण चव शाबूत होती. दुसऱ्या दिवशी लंचला डबा उघडला तर शेजारच्या क्यूबिकलमधल्या कलीगने एक उचलली, चावली आणि म्हणाला, “अरे, ये तो हमारा स्प्रिंग रोल है!” हमारा म्हणजे कुणाचा, असं मी विचारलं. कारण तोपर्यंत तो मणिपूरचा नाहीतर सिक्कीमचा असावा, असं सगळं ऑफिस न विचारताच ठरवून बसलं होतं. तो निघाला टँगऱ्याचा. चौथ्या पिढीतला कोलकाता-चिनी. आणि बंगाली अशी अस्खलित की मासळीवाल्याशी घासाघीस करायला आम्ही त्यालाच पुढे करायचो.

येत्या रविवारी सकाळी सहाला सेंट्रल मेट्रो स्टेशनपाशी ये, असं त्याने फर्मान काढलं. रविवारी सहाला! पण गेले.

पोद्दार कोर्टच्या बाजूला टिरेटा बाजार लागतो. तिथले लोक त्याला टेरिटी बाजार म्हणतात. एडवर्ड टिरेटा नावाच्या व्हेनिसच्या माणसावरून हे नाव पडलं. इटालियन नावाच्या बाजारात, कोलकात्यात, चिनी नाश्ता! हे शहर असंच आहे. फुटपाथवर ॲल्युमिनियमचे मोदकपात्रासारखे उंच डबे, त्यातून वाफा. बाओ, वरून उघडे असलेले सुई माय, फिशबॉल सूप, तळलेले वॉनटॉन, तीळ लावलेले गोल गोड गोळे. शेजारीच कुणी पुरी-भाजी आणि जिलबी विकतंय. आठ वाजायच्या आत चांगला माल संपतो, त्यामुळे आळस करणाऱ्यांना इथे माफी नाही. आणखी एक गोष्ट लक्षात येते. विकणाऱ्यांमध्ये चिनी चेहरे आता थोडेच. डबे तेच, पदार्थ तेच, पण बरेच हात बदललेत.

हे हात कुठे गेले, ते मला सूप पिता पिता कळलं. तसे हे लोक इथे फार जुने. अठराव्या शतकाच्या अखेरीला टाँग अच्यू नावाच्या चिनी माणसाला वॉरन हेस्टिंग्जकडून बज बजजवळ जमीन मिळाली. त्याने ऊस लावला, साखरेचा कारखाना काढला. त्या गावाला आजही अचिपूर म्हणतात. त्याच्यामागून येत गेलेल्यांनी आपापले धंदे वाटून घेतले. कॅन्टोनी सुतार, हुबेईचे दंतवैद्य, हक्का लोक चामड्यात. बेंटिंक स्ट्रीटवरची चिनी बुटांची दुकानं त्यातलीच. टँगरा ही हक्कांच्या चामड्याच्या कारखान्यांची वस्ती.

मग १९६२ चं युद्ध झालं आणि दोन-तीन पिढ्या इथे काढलेली माणसं एका रात्रीत संशयित ठरली. आसाम, उत्तर बंगाल अशा भागांतल्या सुमारे तीन हजार जणांना थेट राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. त्यातले काही तिथून १९६७ मध्ये सुटले. कोलकात्यातल्या लोकांवर पोलिसांची नजर, फिरण्यावर बंधनं. ज्यांना जमलं ते देश सोडून गेले, बरेचसे कॅनडात. पुढे १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रदूषणाच्या कारणावरून टँगऱ्याचे चामड्याचे कारखाने शहराबाहेर हलवायला सांगितलं. कारण रास्तच होतं, तिथल्या नाल्यांचा वास ज्यांना आठवतो ते सांगतील. पण पिढीजात धंदा उठला तो उठलाच. काहींनी कारखान्यांच्या जागी रेस्टॉरंट काढली. आज तुम्ही ईएम बायपासने सायन्स सिटीच्या अलीकडे वळून ‘चायना टाऊन’मध्ये चिली चिकन खायला जाता, ते या जागेत.

शाळेत पानिपतापासून सगळी युद्धं पाठ केली, पण देवळी हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते त्या फुटपाथवर.

कलीगची मावशी याच बाजारात दर रविवारी वॉनटॉन विकायची. मी तिला आँटी म्हणायचे. तिने एकदा टँगऱ्याला घरी बोलावलं. आधी वाटेतल्या काली मंदिरात नेलं. हो, चिनी भक्तांचं काली मंदिर, आणि प्रसादाला नूडल्स! मग घरी जाऊन टेबलावर मैद्याचा गोळा ठेवला आणि क्लास सुरू.

तर आता रेसिपी. वाचून घाबरू नका, रविवार दुपारचं काम आहे.

कव्हर आधी. दोन वाट्या मैदा, अर्धा चमचा मीठ, एक अंडं आणि लागेल तसं पाणी, साधारण पाव वाटी. अंडं नको असेल तर नुसतं पाणी चालतं, कव्हर थोडं कमी लवचीक होतं इतकंच. पीठ घट्ट हवं, पुरीपेक्षाही घट्ट. चांगलं मळून ओल्या फडक्याखाली निदान अर्धा तास ठेवा. लाटताना मैदा न भुरभुरता कॉर्नफ्लोअर वापरा. मैदा पिठात मुरतो, कॉर्नफ्लोअर वरच राहतं आणि कव्हरं एकमेकांना चिकटत नाहीत. आँटी काठीसारख्या बारीक लाटण्याने असं काही लाटायची की खाली वर्तमानपत्र ठेवलं तर मथळा वाचता यावा. तेवढं जमलं नाही तरी पापडाइतकं पातळ हवंच. मग तीन-तीन इंचांचे चौकोन कापायचे.

सारण म्हणजे पाव किलो चिकनचा खिमा, बारीक चिरलेली कांद्याची पात, आल्याचा कीस, एक मोठा चमचा सोया सॉस, पांढरी मिरी, चमचाभर कॉर्नफ्लोअर आणि थोडं भाजक्या तिळाचं तेल. हे एकाच दिशेने ढवळत राहायचं, चिकट होईपर्यंत. आँटीच्या आईच्या वेळी यात पोर्क असायचं. “ऑफिसबाबू पोर्क नहीं खाता था, तो चिकन किया,” आँटी म्हणाली. “फिर बोला तीखा नहीं है, तो मिर्ची डाला. फिर मारवाड़ी लोग आया, तो बंदगोबी.” तीन वाक्यांत तिने सांगितलेला हा फ्यूजनचा इतिहास मला कुठल्याही फूड शोपेक्षा जास्त पटला. मेन्यूकार्डवर ‘फ्यूजन’ लिहून आपल्याकडून दुप्पट पैसे घेतात, पण इथे तो प्रश्न रविवारचा माल आठच्या आत संपण्याचा होता. कव्हर मात्र तिने कधी बदललं नाही.

कोबीचं सारण करणार असाल तर एक गोष्ट अजिबात विसरू नका. चिरलेल्या कोबी-गाजराला मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा आणि फडक्यात घालून जीव खाऊन पिळा. “पानी निकालो, पानी. पानी दुश्मन है.” हे वाक्य त्या दुपारी मी किमान वीस वेळा ऐकलं.

प्रत्येक चौकोनात छोटा चमचाभर सारण. हाव नको! जास्त भरलं तर कव्हर करपेल आणि चिकन आत कच्चं राहील. कडांना पाण्याचं बोट, त्रिकोणी घडी, आतली हवा बोटांनी दाबून बाहेर, आणि मग त्रिकोणाची दोन टोकं पुढे आणून एकमेकांना चिकटवायची. आपल्या करंजीच्या मुरडीसारखी कलाकुसर नाही, पण एकदा लय सापडली की मिनिटाला चार होतात. आँटीचे बारा व्हायचे. वॉनटॉन हा शब्द कॅन्टोनी लोक ज्या दोन अक्षरांनी लिहितात त्यांचा अर्थ म्हणे ढग गिळणं. सूपमध्ये तरंगताना ते खरंच ढगासारखे दिसतात. तळल्यावर मात्र ढगबिग काही नाही, सरळ कुरकुर.

ही कुरकुर येते कशी? गरम तेलात कव्हरमधलं पाणी वाफ होऊन बाहेर पळतं, त्याचेच ते फोड येतात. तेल कोमट असेल तर पाणी जायला वेळ लागतो आणि कव्हर तेल पीत बसतं. म्हणून मध्यम आचेवर तेल नीट तापवा; पिठाचा कण टाकला की लगेच वर यायला हवा. एका वेळी पाच-सहाच सोडा. दोन-तीन मिनिटांत रंग बदलतो आणि भोवतालचे बुडबुडे मंदावतात. बुडबुडे मंदावले म्हणजे कव्हरचं पाणी गेलं. एखादा फोडून आतलं चिकन शिजल्याची खात्री करा. काढल्यावर कागदावर ढीग घालू नका, जाळीवर सुटे ठेवा. आणि झाकण तर मुळीच नको, कारण आतल्या सारणाची वाफ तेच कव्हर पुन्हा मऊ करते. माझ्या नागपुरी डब्याचं नेमकं हेच झालं होतं. ऑफिसच्या पॉटलकला न्यायचे असतील तर घरी तळून पूर्ण गार होऊ द्या, मग डबा बंद करा आणि तिथे पॅन्ट्रीतल्या ओव्हनमध्ये पाच-सात मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये नको, प्लीज.

त्या दुपारी शेवटचे पंधरा-वीस चौकोन उरले होते आणि खिमा संपला होता. कलीगने आँटीला माझ्या डब्यातल्या ‘स्प्रिंग रोल’बद्दल आधीच सांगून ठेवलं होतं. “तुम्हारा वाला बनाओ,” तिने ऑर्डर सोडली. घरात कोथिंबीर होती, तीळ होते, खोबरं आणि खसखस कोपऱ्यावरच्या बंगाली दुकानातून आणली. पोस्तो, म्हणजे खसखस, हे तर बंगाल्यांचं दैवत! चारोळी मात्र मिळाली नाही, त्याऐवजी काजूचे तुकडे घातले. कोथिंबीर धुऊन, कोरडी करून, चिरून कढईत जेमतेम एक वाफ. कव्हरला आतून चिंच-गुळाचा घट्ट कोळ आणि मसाला. कोळ पातळ असेल तर तेलात कव्हर फुटतं, तेव्हा इथेही पाणी दुश्मनच. आणि बाकी सगळं वॉनटॉनसारखं.

पुडाच्या वडीचं कव्हर बेसनामुळे खमंग पण जाडसर असतं. हे कव्हर काचेसारखं तडकलं आणि आतून चिंचेचा आंबटपणा, खसखशीची कचकच. खरं सांगू? नागपूरकर मला वाळीत टाकतील, पण या सारणाला हे कव्हर जास्त शोभतं. आँटीने एक खाल्ला, दुसरा खाल्ला, मग हिरव्या चिली सॉसमध्ये बुडवून तिसरा खाल्ला. कढीची कल्पना मात्र तिला काही केल्या पटली नाही. दह्यात तळलेलं बुडवायचं? छे!

पुढच्या दोन रविवारी तिने माझ्या सारणाचे वीस-वीस वॉनटॉन बाजारात नेले. व्हेज विचारणाऱ्या गिऱ्हाइकांना खपवले. पहिल्या रविवारी बारा गेले, दुसऱ्या रविवारी सगळे. तिसरा रविवार आलाच नाही. मुलाने टोरांटोहून कागदपत्रं करून पाठवली होती, तिकीट आलं होतं. डबे तिने पलीकडच्या बिहारी बाईला दिले, जी तिच्याकडे भांडी घासता घासता घड्या घालायला शिकली होती. ती तिच्यासारखे बारा नाही, पण मिनिटाला आठ-नऊ करते. कोलकात्याला गेलात तर रविवारी लवकर उठा आणि घेऊन बघा. लाटणं मात्र आँटीने बॅगेत भरलं. वजन जास्त झालं तर स्वेटर काढीन म्हणाली.

प्रोजेक्ट संपलं, मी पुण्याला परतले. मागच्या महिन्यात कलीगचा फोन आला. आँटीने निरोप दिला होता. तिकडच्या चर्चच्या जेवणाला पन्नास माणसं आहेत, व्हेज काहीतरी हवंय, कोथिंबीर मुबलक मिळते. पण काजूने सारण गोडसर होतं, शेंगदाणे चालतील का? असा थेट प्रश्न. मी नागपूरला आईला फोन लावला. आई म्हणाली, “चालतील की. पण भाजून, सालं काढून आणि जाडसर कुटून घाल म्हणावं. आणि कोळात थोडा गूळ कमी.” तसंच्या तसं टोरांटोला कळवलं. पन्नास माणसांना किती जुड्या कोथिंबीर लागेल, त्याचा हिशेब अजून चालू आहे.